खेळांच्या चॅनेलचं काय करायचं

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर हे बोलता येत नाही, कारण तू ‘हॅलो’ म्हटलंस की बाबा शेजारून हात पुढे करतात आणि मी जेवले का, झोप नीट लागते का, यातच फोन संपतो. मेसेजवर लिहायचं तर मागे दोन शब्दांवरून आपण महिनाभर अबोला धरला होता, ते आठवतंय ना? म्हणून कागद.

दादाने सांगितलं, कंपनीचं मोठं गिऱ्हाईक सुटलं आणि ट्रकच्या फेऱ्या निम्म्यावर आल्या. तो हसत हसत सांगत होता, म्हणजे परिस्थिती बरीच बिघडली असणार. मी दर महिन्याला पाठवते त्यात थोडी भर घातली असती, पण तुला माहीत आहे, मी स्वतःच्या खोलीच्या अनामत रकमेसाठी साठवतेय. घरमालकिणीच्या मागच्या खोलीत राहून मला बाबांना चार दिवससुद्धा बोलावता येत नाही. गोदामात मोठ्या हिशेबनिसाची जागा रिकामी होतेय, ती मिळाली तर वर्षभरात जमेल. तोवर आहे त्यात भागवायला हवं.

मागच्या खेपेला आले होते तेव्हा टीव्हीचं बिल टेबलावर पडलेलं पाहिलं. विजेच्या बिलापेक्षा जास्त होतं. सिनेमे, मालिका, आणि सगळ्यात महाग तो खेळांचा पॅक. घरात माणसं तीन, त्यातला एक रस्त्यावर, एक दुकानात. मग हे बघतं कोण? बाबा फुटबॉल बघतात हे ठाऊक आहे, पण त्यासाठी इतके पैसे? मला वाटतं, पहिला हात तिथे घालावा. तू घरात आहेस, तुझं मत सांग.

तुझी,
खजिनदार

---

१३ फेब्रुवारी

प्रिय खजिनदारबाई,

बाबांनी हे नाव तुला उगाच नाही ठेवलं. पाहुणी म्हणून येतेस आणि बिलं वाचून जातेस.

तुझं म्हणणं बरोबर आहे, पैशाची ओढाताण आहे. तुझ्या भावाने बाहेरचं जेवण सोडलंय, घरून डबे भरून नेतो, तिसऱ्या दिवशीचा डबा कसा लागतो ते तोच जाणे. पडद्यांच्या दुकानात मी रोज संध्याकाळचे दोन तास जास्त थांबते. लोक नवीन घर घेतात तेव्हा पडदे शिवून घेतात, आणि सध्या कोणी नवीन घर घेत नाहीये. तरी मालक मला ठेवतात, कारण किनार सरळ येते.

पण टीव्हीचं म्हणशील तर थोडं थांबूया का? बाबांची संध्याकाळ त्यावर जाते. मी दुपारी जाते ती दिवे लागल्यावर येते. तेवढा वेळ ते आणि टीव्ही. छापखान्यात पुस्तकं बांधली ती पोटासाठी, पण खरे ते रविवारच्या मैदानातले पंच, हे तू माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. अजूनही टीव्हीतल्या पंचाने चूक केली की ते उभे राहून त्याला झापतात. खालच्या मजल्यावरच्या बाई मला विचारतात, तुमच्याकडे भांडण झालं का म्हणून.

बघते कसं जमतं ते. तू जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी वहिनी

---

२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

‘थोडं थांबूया’ हे तुझं उत्तर मला पाठ आहे. गळका नळ बदलायला तू असंच थोडं थांबली होतीस.

रागावू नकोस. तू दोन तास जास्त शिवायचं, दादाने शिळे डबे खायचे, आणि टीव्हीत जगभरची मैदानं चालू ठेवायची, हे मला पटत नाही. बाबांना विचार, तेच म्हणतील बंद करा. ते कधी स्वतःसाठी काही मागतात का? त्यांना नीट समजावून सांग. वर्तमानपत्र आहे, रेडिओ आहे, खाली बाक आहे. संध्याकाळी चार पावलं चालून आले तर उलट तब्येतीला बरं.

एवढं ऐक माझं.

तुझी खजिनदार

---

९ मार्च

प्रिय खजिनदारबाई,

ऐकलं तुझं. एक तारखेपासून खेळांचा पॅक काढून टाकला. फोन करून सांगितलं तर पलीकडचा मुलगा मला दुसरे चार पॅक विकायला बघत होता. त्याला म्हटलं, बाळा, माझी नणंद तुझ्या ऑफिसात आली तर तुमचंच दुकान बंद होईल.

बाबांची काही तक्रार नाही. सेट-टॉप बॉक्समध्ये गेल्या वर्षीचे काही सामने साठवून ठेवले होते. निघताना त्यातला एखादा लावून देते. ते बसतात, बघतात. मी येते तेव्हा तसेच खुर्चीत असतात. कसा झाला सामना विचारलं तर म्हणतात, चुरशीचा झाला.

तेव्हा तू आता निश्चिंत राहा. मोठ्या हिशेबनिसाच्या जागेचं काय झालं?

वहिनी

---

१६ मार्च

प्रिय वहिनी,

बघ, मी म्हणाले नव्हते? उगाच घाबरत होतीस.

खरं सांगू, मला थोडं नवल वाटलं. लहानपणी निकाल आधी कळला तर बाबा सामना बघायचेच नाहीत. एकदा मी शाळेतून येऊन कोण जिंकलं ते सांगून टाकलं, तर दिवसभर माझ्याशी बोलले नव्हते. आता जुने सामने आनंदाने बघतात म्हणजे वयाने निवळले म्हणायचे. माणूस हट्ट सोडतो तो असा, आपल्या नकळत.

मुलाखत झाली, बरी झाली. पुढच्या महिन्यात कळेल. मिळाली तर वर्षाच्या आत खोली, आणि मग बाबा माझ्याकडे. त्यांना एवढ्यात सांगू नकोस, मला स्वतः सांगायचंय.

तुझी खजिनदार

---

२२ एप्रिल

प्रिय,

आज खजिनदारबाई लिहायचा धीर होत नाही. मध्ये तुझे दोन फोन आले, दोन्ही वेळा मी घाईत आहे म्हणाले. घाईत नव्हते. हे वाचण्याआधी एक लक्षात घे, बाबा घरी आहेत, जेवताहेत, अंगावर एक ओरखडा नाही.

मागच्या शनिवारी मी दुकानातून आले तर दार उघडं आणि टीव्ही चालू. सामना चालला होता, खुर्ची रिकामी. आधी वाटलं खाली असतील. खाली नव्हते. बाकावर नव्हते, औषधांच्या दुकानात नव्हते. तुझा भाऊ दोन दिवसांच्या अंतरावर. मी आणि खालच्या बाई दोन बाजूंनी निघालो. त्या रस्त्यांनी मी इतकी वर्षं चालतेय, पण त्या दिवशी प्रत्येक म्हातारा माणूस पाठमोरा तेच वाटत होता.

शेवटी बस डेपोतून फोन आला. एका कंडक्टरने त्यांना बसवून ठेवलं होतं, खिशातल्या औषधांच्या पावतीवर त्याला माझा नंबर सापडला. पंख्याखाली बसले होते, समोर चहा, शर्टाची वरची गुंडी लावलेली. मला बघून म्हणाले, “उशीर झाला का गं?” आणि माझा हात धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही. घर कुठे ते त्यांना डेपोत सांगता आलं नव्हतं. कंडक्टरला त्यांनी छापखान्याचा पत्ता दिला. तो छापखाना पाडून किती वर्षं झाली.

आता जे लपवलं ते. हे पहिल्यांदा नाही. गेल्या वर्षी दिवाणखान्याला रंग दिला तेव्हापासून मी बघतेय. किल्ली हातात घेऊन किल्ली शोधतात. जिन्यात मजला चुकतात. जानेवारीत मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, विसरणं आता हळूहळू वाढेल, गोळ्यांनी थोडं रेंगाळेल इतकंच. परत येताना बाबा रिक्षातून बाहेरच्या पाट्या वाचत होते. घर जवळ आल्यावर म्हणाले, “पोरीला सांगू नकोस. आईच्या आजारपणात तिनं कॉलेज सोडलं. आता नोकरी सोडून येईल.” माझ्याकडून वचन घेतलं. तुझ्या भावालासुद्धा मी अर्धंच सांगितलं होतं.

म्हणून मी टीव्हीसाठी थोडं थांबूया म्हणत होते. सामना चालू असला की ते खुर्चीतून हलत नाहीत, हा माझा आधार होता. जुने सामने लावायला लागले तेव्हा मन खात होतं. मोजके सामने आहेत, तेच तेच लावते, आणि त्यांना ते कळत नाही. दरवेळी नव्यानं बघतात. मी त्यांना फसवतेय असं वाटायचं, पण चालत होतं ना, म्हणून चालवलं. त्या शनिवारी तेही चाललं नाही.

तू पॅक काढायला सांगितलंस म्हणून हे झालं असं अजिबात मनात आणू नकोस. तुला माहीतच नव्हतं.

वहिनी

---

२८ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन बसले.

मी तुझ्यावर रागावले आहे. हे लिहूनच टाकते, म्हणजे मनात राहणार नाही. मी त्यांची मुलगी आहे. फेब्रुवारीपासून मी बिलांवर भाषणं ठोकतेय, चार पावलं चालून येऊ देत म्हणतेय, आणि तू ते मुकाट वाचून घेतेस. तुला एकदाही वाटलं नाही का, की हिला सांगावं? मला परकी केलीत तुम्ही दोघांनी मिळून. वचनाचं कळतं मला. पण बाबा वचन मागताना माझा विचार करत होते, आणि ते एकटीने निभावताना तुझा विचार कोण करत होतं?

रागावले आहे आणि तुझे पाय धरावेसेही वाटताहेत. त्या रस्त्यांनी तू एकटी फिरत होतीस.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघते. पंधरा दिवसांची रजा काढली आहे. नोकरी सोडत नाहीये, बाबांना तसं सांग. किंवा नको, मीच सांगेन.

---

२१ मे

प्रिय वहिनी,

नीट पोहोचले. घरमालकिणीने दाराची कडी काढता काढता विचारलं, वडील कसे आहेत. मी आधी ‘बरे आहेत’ म्हटलं आणि मग तिला सगळं खरं सांगितलं. तिच्या सासूचंही असंच होतं म्हणे.

एक गोष्ट मी तिथे असताना तुला सांगितली नाही. बाबांनी नको म्हटलं होतं. पण गाडीत रात्रभर विचार केला, की या घरात वचनं फार झाली. तेव्हा हे मी मोडते.

मंगळवारी तू दुकानात गेलीस, जाताना सामना लावून दिलास, तो लाल आणि पांढऱ्या संघाचा. मी बाबांशेजारी बसले. थोड्या वेळाने ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, “आता हा डावीकडून येईल, आणि पंच चुकीचा कॉर्नर देईल.” तसंच झालं. मी विचारलं, “बाबा, पाहिलाय का हा सामना?”

“पाहिलाय म्हणजे? पाठ आहे मला.”

मग वहिनीला का नाही सांगत, मी विचारलं. तर म्हणतात, “ती किती आशेनं लावून जाते. मी खुर्चीत बसलो की तिला दुकानात सुई धरता येते. चॅनेल का गेलं ते मला कळत नाही का? पोराच्या फेऱ्या कमी झाल्यात.”

वहिनी, त्यांना सगळे सामने ओळखू येतात. तुला वाटत होतं तू त्यांना फसवतेयस, आणि ते तुला फसू देत होते.

मग मी त्या शनिवारचं विचारलं. त्या दिवशी अंतिम सामना होता. वर्तमानपत्रात वाचलं होतं त्यांनी. आपल्याकडे दिसणार नाही, म्हणून ते सलूनमध्ये बघायला निघाले होते, डेपोमागच्या, जिथे मैदानात त्यांच्याबरोबर झेंडा घेऊन धावणारे जुने लाइनमन जमायचे. म्हणजे ते भरकटले नव्हते, वाट धरून निघाले होते. सलून तिथे नव्हतं. दुसरीकडे गेलं म्हणे. परत वळले आणि तिथे रस्ता हातातून सुटला. हे त्यांनी स्वतः सांगितलं, टीव्हीकडे बघत. “रस्ते सुटतात आता. ते डॉक्टर म्हणतात ते खरं आहे.”

मी म्हटलं, एका सामन्यासाठी एवढं कशाला जायचं, तुमच्याकडे इतके आहेत की. तेव्हा जे बोलले ते तुला जसंच्या तसं लिहिते. “जुना सामना बघून झाला की झाला. नव्याचं दुसऱ्या दिवशी कुणाशी तरी बोलता येतं. पोरगा वाटेतून फोन करायचा, पेनल्टी होती का हो बाबा म्हणून. आता तो जेवलात का विचारतो. दोघांनाही काय बोलावं कळत नाही.”

मी हिशेबनीस आहे. त्या पॅकचे महिन्याचे पैसे आणि बघायला माणूस एक, असा सरळ हिशेब मांडला होता मी. त्यात दादाचे फोन धरलेच नव्हते.

तो पॅक परत घे. पैसे मी देते. नाही म्हणू नकोस.

तुझी,
खजिनदार (सध्या निलंबित)

---

३ जून

प्रिय निलंबित खजिनदारबाई,

पत्र दुकानात नेलं होतं, चहाच्या सुट्टीत वाचायला. ‘पाठ आहे मला’ वाचून हसू फुटलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. मालकांना वाटलं बोटात सुई गेली. तीन महिने मी स्वतःला फार हुशार समजत होते. सामने आलटून पालटून लावायचे, सारखा एकच नको, पांढऱ्यांचा झाला की पिवळ्यांचा. आणि ते तिकडे कॉर्नर मोजत बसलेले.

घरी आल्यावर त्यांना विचारलंच. म्हणाले, “खजिनदाराच्या पोटात काही राहत नाही.” मग जरा वेळाने म्हणाले, कधी कधी खरंच आठवत नाही. एखादा सामना शेवटपर्यंत नवा वाटतो. “तू लावलेला कुठला ओळखतो आणि कुठला नाही, ते मी सांगणार नाही.” तेव्हा मीही विचारलं नाही.

तुझे पैसे नकोत. तुझी खोली व्हायला हवी. मी काय केलं सांगते. मालिकांचा आणि सिनेमांचा असे दोन्ही पॅक काढले आणि खेळांचा घेतला. बिल आधीच्यापेक्षा कमीच येईल. माझी कीव करू नकोस. त्या मालिकेत मेलेला चुलत सासरा तिसऱ्यांदा जिवंत झाला तेव्हाच माझं मन उडालं होतं. शिवाय मालकांशी बोलले. किनारीचं काम घरी आणायचं ठरलंय, सकाळी दुकान, संध्याकाळी घरच्या मशीनवर. थोडे पैसे कमी मिळतील. पण खुर्चीच्या भरवशावर त्यांना सोडणं आता मला जमणार नाही. खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवलीय. ते ती रोज काढून टाकतात, मी रोज घालते.

पहिला नवा सामना रविवारी झाला. तुझ्या भावाने वाटेतल्या हॉटेलात ट्रक उभा करून बघितला आणि सामना संपताच फोन. दोघं इतके भांडले की मला मशीन थांबवावं लागलं. फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, “गाढव आहे, पण नजर चांगली आहे.”

तुलाही करायचा असेल तर कर फोन. पण आधी ऑफसाइड शिकून घे. नुसतं ‘जेवलात का’ चालणार नाही.

तुझी वहिनी

---

१९ जून

प्रिय वहिनी,

जागा मिळाली. एक तारखेपासून मी मोठी हिशेबनीस. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, “छान. काल तू बघितलास का?” एवढंच. मला त्याचा राग आला नाही, हे माझं मलाच नवल.

घरमालकिणीशी करार केलाय. तिला गुडघ्यामुळे बाजारात जाता येत नाही. तिच्या भाज्या मी आणायच्या आणि शनिवारी तिच्या टीव्हीवर फुटबॉल लावायचा. ती शेजारी बसून विणते आणि विचारते, हा बिचारा सारखा का पडतो. ऑफसाइड मला तिघांनी समजावलं, तीन प्रकारे. काल बाबांना मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाले, तो गोल धरायला हवा होता. त्यांनी मला जे झापलं, गोदामातल्या साहेबाने आजवर झापलं नाही. मग पुष्कळ वेळ समजावत बसले. चेंडू पायातून सुटतो त्या क्षणी बघायचं, पोहोचतो तेव्हा नाही.

इतकं सलग ते माझ्याशी कित्येक वर्षांत बोलले नव्हते.

तुझी खजिनदार

---

५ सप्टेंबर

प्रिय खजिनदारबाई,

नव्या खोलीचा फोटो पाहिला. खिडकीचं माप पाठव, पडदे माझ्याकडून. बाबांना तिकडे न्यायचं आपण दिवाळीच्या सुट्टीत बघू, असं घाईने ठरवायला नको. जिना कसा आहे, रस्ता कसा आहे, ते आधी तुझा भाऊ येऊन बघेल.

तुझ्याशी ठरलंय की काही लपवायचं नाही, म्हणून हे लिहितेय. लिहू की नको करत कागद दोन दिवस मशीनवर पडून होता.

गेल्या शनिवारी सामना संपला आणि तुझा फोन आला. तुम्ही बराच वेळ बोललात. बाबा हातवारे करत होते, फोन कानाला आणि दुसऱ्या हाताने हवेत रेघ ओढत होते, जणू तू समोर बसली आहेस. हसले, चिडले, परत हसले. मी किनार शिवत ऐकत होते. फोन ठेवला, चष्मा पुसला आणि मला विचारलं, “ही पोरगी कोण गं, दर शनिवारी फोन करते ती?”

मी मशीन थांबवलं. मग म्हटलं, “तुमची लेक. खजिनदार.”

त्यांनी मान डोलावली. पटलं की मला बरं वाटावं म्हणून डोलावली, कोण जाणे. आता मी तेही ओळखायचा प्रयत्न सोडलाय. रविवारी सकाळी चहा घेताना त्यांनी आपणहून तुझं नाव काढलं, लहानपणी तू निकाल सांगून टाकला होतास ते आठवून हसले. म्हणजे गेलेलं परत येतं, पण येईलच असं नाही. डॉक्टरांनी गोळी बदललीय.

पण शनिवारचं मला पूर्ण सांगू दे. मान डोलावल्यावर ते परत टीव्हीकडे वळले. टीव्हीवर खेळाडू मैदान सोडून चालले होते. मग म्हणाले, “ऑफसाइड तिला अजून पक्कं कळलेलं नाही. पण ऐकून घेते. आवाज चांगला आहे तिचा.” आणि खुर्चीतून उठताना परत वळून विचारलं, “पुढच्या शनिवारी करेल ना ती?”

मी म्हटलं, करेल.

तेव्हा कर.

तुझी वहिनी